भात न खाणाऱ्या गावाला जाताना: चिमाहीजवळच्या चिरेउंदेउची वाट

बांडुंग हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासातून ठाऊक असतं. १९५५ची आशियाई-आफ्रिकी परिषद, नेहरू, सुकार्नो, दोन मार्कांचं उत्तर. प्रत्यक्षातलं बांडुंग म्हणजे पश्चिम जावामधलं साधारण सातशे मीटर उंचीवरचं, डोंगरांनी वेढलेलं, आठवड्याच्या शेवटी जकार्ताच्या गाड्यांनी तुंबणारं मोठं शहर. त्याला पश्चिमेकडून चिकटलेलं दुसरं शहर म्हणजे चिमाही. डच काळात इथे छावणी होती, आजही लष्कराच्या प्रशिक्षण संस्था इथेच आहेत, आणि दक्षिणेच्या अंगाला कापडाच्या गिरण्या. त्या गिरण्यांचा रस्ता संपतो तिथे, तीन टेकड्यांच्या खोबणीत चिरेउंदेउ ही वस्ती आहे. कागदोपत्री ती लेउविगाजा या शहरी प्रभागाचाच भाग. एकूण जमीन सुमारे ६४ हेक्टर, त्यातली ६० शेती आणि जंगलाची, घरं उरलेल्या ४ हेक्टरांत.

इथली परंपरा पाळणारी कुटुंबं भात खात नाहीत. शंभर वर्षं होत आली. भाताच्या जागी ती कसावाच्या कंदापासून केलेला ‘रासी’ खातात. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. गंमत अशी की तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांत या कंदाचं सत्त्व काढून त्याचा साबुदाणा होतो आणि उरलेला चोथा बहुतेक जनावरांच्या खाद्यात जातो. चिरेउंदेउत सत्त्व विकायला जातं आणि चोथा घरच्यांच्या ताटात येतो. आषाढी-एकादशीला खिचडी खाणाऱ्या माणसाने हे एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणून हा लेख.

बांडुंगला जाणारे बहुतेक भारतीय लेंबांग, तांगकुबान पराहूचा ज्वालामुखी आणि कारखान्यांची कपड्यांची दुकानं करून परततात. त्यांच्या यादीत हे गाव नसतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनी ते घालूही नये. तिथे झुलते पूल नाहीत की फुलांच्या कमानी नाहीत. पक्की घरं, मोटारसायकली, शाळेतून येणारी मुलं, वाळत घातलेले कपडे. जुनाट झोपड्यांचं ‘आदिवासी खेडं’ बघायच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस बसायची तयारी असेल तर जा.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, तोही बहुधा दुपारनंतरचा. रासी करताना चोथा उन्हात वाळवावा लागतो, त्यामुळे पावसाळ्यात काम मंदावतं आणि टेकडीची पायवाट घसरडी होते. पण पावसाळ्यात आलातच तर सकाळी सातला गावात असा, दुपारी दोनला मोकळे व्हा.

वार निवडताना शनिवार-रविवार टाळा. जकार्ताहून येणारा चिपुलारांगचा द्रुतगती मार्ग त्या दोन दिवशी नको नको होतो आणि गावातही महाविद्यालयांच्या सहली असतात. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

दोन दिवस मात्र खास आहेत. एक म्हणजे सुरा महिन्याची सुरुवात, म्हणजे सुंदानी (पश्चिम जावातले मूळचे लोक) आणि जावानी वर्षारंभ. तो हिजरी वर्षारंभाच्या जवळपास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. या सणात धान्य, फळं आणि कंदांचे डोंगर रचतात, पुरुष काळा ‘पांगसी’ पोशाख घालून डोक्याला कापड बांधतात, बांबूच्या अंगक्लुंगचं वादन होतं. नेमका दिवस गावालाच विचारावा, कारण मुख्य सोहळा महिन्यातल्या सोयीच्या दिवशीही ठेवतात. दुसरा दिवस २१ फेब्रुवारी. त्याविषयी पुढे.

व्हिसा आणि विमान

यात फारसं काही नाही. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा पोचल्यावर मिळणारा व्हिसा चालतो. तो ऑनलाइन आधीच काढता येतो, शुल्क ५ लाख रुपिया, मुदत ३० दिवस, एकदा वाढवता येते. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतल्यावर वर दिसणारे दलाल दुप्पट पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. विमान जकार्ताचं घ्या. थेट मिळालं तर छान, नाहीतर सिंगापूर किंवा क्वालालंपूर मार्गे.

पैशांचे आकडे बघून घाबरू नका. डोक्यात हिशोब करायला शेवटची तीन शून्यं काढा आणि पाचाने गुणा, म्हणजे ढोबळ भारतीय रुपये मिळतात. २० हजार रुपिया म्हणजे शंभराच्या आसपास. गावासाठी सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, दोन-पाच-दहा हजारांच्या.

जकार्ता ते चिमाही

इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण नवखा माणूस नेमका इथे तीन तास घालवून बसतो.

जकार्ता ते बांडुंग अशी ‘वूश’ नावाची अतिजलद रेल्वे ऑक्टोबर २०२३ पासून चालू आहे. ताशी ३५० किलोमीटरपर्यंत जाते आणि एकूण मार्ग जेमतेम १४२ किलोमीटरांचा, त्यामुळे बसलात न बसलात तोच उतरायची वेळ येते. पण ती सुटते पूर्व जकार्तातल्या हालिम स्थानकातून, आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. विमानतळ ते हालिम टॅक्सीने रस्ता मोकळा असेल तर तासाभरात, नाहीतर दोन तासही लागतात. म्हणून विमान उतरण्याची वेळ आणि वूशची वेळ यांत किमान चार तास ठेवा.

तिकीट काढताना उतरायचं स्थानक पादालारांग निवडा. यादीत शेवटचं स्थानक तेगाल्लुआर दिसतं आणि ‘शेवटचं म्हणजे बांडुंगच असणार’ असं वाटून लोक तेच निवडतात. तेगाल्लुआर बांडुंगच्या पूर्वेला आहे आणि आपल्याला जायचंय पश्चिमेला. पादालारांग साधारण अर्ध्या तासात येतं. तिथेच, त्याच इमारतीतून, बांडुंग मुख्य स्थानकाकडे जोडगाडी सुटते. ती वूशच्या प्रवाशांसाठीच असते, तिचं वेगळं तिकीट काढावं लागत नाही, आणि वाटेत चिमाहीला थांबते. तिकिटाचा क्यूआर कोड हातात ठेवा, दोन्हीकडे दाखवावा लागतो. वूशचं तिकीट वेळेनुसार दोन ते तीन लाख रुपियांच्या घरात असतं.

पैसे वाचवायचे असतील तर जुन्या मार्गावरची साधी रेल्वे आहे. ती गांबीर स्थानकातून निघते, तीन तासांच्या आसपास घेते, आणि डोंगरातल्या उंच पुलांवरून जाते. माझं मत विचाराल तर जाताना वूश आणि येताना ही गाडी घ्यावी, खिडकीची जागा मागून. तिसरा पर्याय विमानतळावरूनच सुटणाऱ्या बांडुंगच्या बसगाड्यांचा. सामान जास्त असेल तर तो सोयीचा, पण संध्याकाळी रस्त्याचा काही भरवसा नाही.

मुक्काम चिमाहीत करावा की बांडुंगमध्ये? हॉटेलं बांडुंगमध्ये अधिक आणि सगळ्या भावांची आहेत. दोन शहरांमध्ये लोकल गाडी धावते, तिचं भाडं नगण्य आहे. सकाळी लवकर गावात पोचायचं असेल तर चिमाही बरं. चिमाही स्थानकापासून चिरेउंदेउपर्यंत मोबाइलवरून बोलावलेली दुचाकी किंवा मोटार घ्या. गोजेक आणि ग्रॅब दोन्ही चालतात. स्वस्तात जायचं तर लेउविगाजाकडे जाणारी ‘अंगकोत’, म्हणजे ठरावीक मार्गावरची शेअर गाडी, पण ती गावाच्या दारात सोडत नाही, पुढचा रस्ता दुचाकीने करावा लागतो. परतीसाठी गावातून गाडी मिळायला कधी वेळ लागतो, तेव्हा उजेड असतानाच निघायचं बघा.

ॲपमध्ये नाव टाकताना रोमन अक्षरं अशी: सी, आय, आर, ई, यू, एन, डी, ई, यू. तोंडाने सांगताना पहिलं अक्षर ‘चि’, ‘सि’ नाही. ‘एउ’ म्हणजे ओठ गोल न करता काढलेला ‘उ’. जमलं नाही तरी चालेल, पण ‘सिरेंद्यू’ म्हटलंत तर चालक नुसता हसेल.

वाटेत चिमाहीत लष्कराची फाटकं आणि इमारती लागतात. त्यांचे फोटो काढू नका.

आधी कळवा

न सांगता गेलात तर हाकलून कोणी देणार नाही, पण बघायलाही काही मिळणार नाही. रासीचं काम रोज प्रत्येक घरात चालू नसतं आणि पाहुण्याला जेवायला घालायचं तर तयारी लागते. त्यामुळे किमान चार-पाच दिवस आधी निरोप द्या. गावातल्या मंडळींनी पाहुण्यांसाठी व्यवस्था केलेली आहे. सध्याचा संपर्क समाजमाध्यमांवर गावाच्या नावाने शोधला तर मिळतो, नाहीतर चिमाही महापालिकेच्या पर्यटन विभागाला विचारा. हॉटेलवाल्याला सांगितलं तर तोही एक फोन करून देतो, आणि इंग्रजीपेक्षा इंडोनेशियन बोलणारा माणूस मधे असलेला बरा.

निरोप भाषांतराच्या ॲपवरून इंडोनेशियनमध्ये करा आणि त्यात एवढं स्पष्ट लिहा: कुठून आलात, किती जण, कोणता दिवस, किती वाजता, रासी करताना पाहायची आहे का, जेवायचं आहे का, टेकडीवर जायचं आहे का, आणि काय खात नाही. शेवटी खर्च किती येईल ते विचारा. यात संकोच नको, तेही नीट आकडा सांगतात. मोठ्या गटासाठी वेगळा दर असतो. घासाघीस करू नका. बाजारातल्या वस्तूचा भाव पाडता येतो, कोणाच्या घरच्या पंगतीचा नाही.

गावाच्या परंपरेत तीन पदं आहेत. ‘सेसेपुह’ म्हणजे सर्वांत वडील, गावाचा शब्द. ‘आइस पांगाम्पिह’ हा त्यांचा उजवा हात, बरीचशी व्यवस्था तोच पाहतो. ‘पानित्रेन’ लिखापढी आणि बाहेरच्या लोकांशी बोलणं सांभाळतो. पाहुणा म्हणून तुमची गाठ बहुधा शेवटच्या दोघांशी पडेल. सेसेपुहांना भेटायची इच्छा असेल तर तसं आधी कळवा, ऐन वेळी दारात उभं राहून आग्रह करू नका.

गावात शिरताना

वेशीवर कमान आहे, तिच्यावर सुंदानी लिपीतलं स्वागत. तिथे फोटो हवे तेवढे काढा.

पहिला नमस्कार ‘साम्पुरासुन’. समोरून ‘राम्पेस’ असं उत्तर येतं. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘अबाह’, बाईला ‘अम्बू’ किंवा ‘इबू’, आपल्या वयाच्या पुरुषाला ‘कांग’, मुलीला किंवा तरुण बाईला ‘तेतेह’. नुसत्या नावाने हाक मारू नका. कोणाच्या समोरून जावं लागलं तर किंचित वाकून, उजवा हात खाली करून ‘पुंतेन’ म्हणायचं. आभाराला ‘हातुर नुहुन’. या चार शब्दांनी अर्धं काम होतं. इंडोनेशियन भाषेतले ‘तेरिमा कासिह’ सगळ्यांना कळतात, पण सुंदानी शब्द ऐकले की चेहरे खुलतात.

चपला दाराबाहेर. देणं-घेणं उजव्या हाताने. बैठक जमिनीवर, चटईवर. पाय कोणाकडे करून बसायचं नाही. यातलं आपल्याला शिकवण्यासारखं काही नाही. गुडघे दुखत असतील तर मात्र आधी सांगा, खुर्ची मिळते.

गावातले सगळेच परंपरेचे नाहीत. बरेच रहिवासी मुस्लिम आहेत, भात खातात, मशिदीत जातात, आणि सगळे शेजारी म्हणून एकत्र राहतात. म्हणून दिसेल त्याला ‘तुम्ही भात का खात नाही?’ असं विचारत सुटू नका.

रासीचं स्वयंपाकघर

गावाला जायचं ते खरं यासाठी.

सांगतात ते असं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, डच अमलाखाली तांदूळ महाग आणि दुर्मिळ झाला. भातासाठी कोणावर अवलंबून राहायचं नाही, असं इथल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि लोक कसावाकडे वळले. गावात १९१८ आणि १९२४ अशी दोन्ही सालं ऐकू येतात. एक धान्य महाग झालं म्हणून दुसरं खाल्लं आणि स्वस्त झाल्यावर परत पहिल्याकडे गेलं, असं जगभर होतं. इथे ते झालं नाही, कारण त्याला व्रताचं रूप आलं. त्यांचं एक वचन आहे, त्याचा आशय असा: शेत नसलं तरी भाताचं पीक असावं, पीक नसलं तरी तांदूळ असावा, तांदूळ नसला तरी शिजवता यावं, शिजवायला नसलं तरी खायला असावं, खायला नसलं तरी अंगात बळ असावं. पायरीपायरीने एकेक गोष्ट सोडत शेवटी बळावर येऊन थांबणारं.

काम पाहताना मधे प्रश्न विचारा, पण हात धुतल्याशिवाय मदतीला बसू नका. क्रम साधारण असा असतो.

कंद शेतातून येतो तो मातीने माखलेला. लागवडीनंतर आठ महिने ते वर्षभराने तो काढतात, आणि वेगवेगळ्या तुकड्यांत लागवड मागेपुढे केलेली असते म्हणून वर्षभर कुठे ना कुठे कंद तयार असतो. वरची तपकिरी पातळ साल काढून टाकतात. आतली जाड, पांढरट-गुलाबी साल वेगळी ठेवतात, ती फेकायची नसते. मग कंद धुऊन किसतात. बरंचसं किसणं आता यंत्रावर होतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, हाताने मणभर कंद किसून पाहा म्हणजे कळेल.

किसात पाणी घालून कापडातून पिळतात. खाली पडतं ते दुधाळ पाणी. ते पसरट भांड्यात स्थिर ठेवलं की तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून देतात आणि सत्त्व वाळवतात. त्याला ‘आची’ म्हणतात, ते विकलं जातं. बांडुंगभर रस्तोरस्ती तळलं जाणारं ‘चिरेंग’ याच पिठाचं. कापडात उरला तो चोथा. तो घट्ट पिळून, बांबूच्या सुपांवर पसरून कडक उन्हात वाळवतात आणि दळतात. हाच रासी. रंग मळकट पांढरा, हाताला खरखरीत.

शिजवताना कोरड्या रासीवर थोडं थोडं पाणी शिंपडून तो बोटांनी मोकळा करायचा. पिठाचा गोळा होऊ द्यायचा नाही आणि कोरडाही ठेवायचा नाही. मग वाफवायचा. बांबूच्या विणलेल्या शंकूत, म्हणजे ‘आसेउपान’मध्ये, तांब्याच्या उंच भांड्यावर ठेवून वाफवण्याची सुंदानी पद्धत आहे. साध्या मोदकपात्रासारख्या भांड्यातही होतो. तयार रासी किंचित तपकिरी, चिकटसर आणि दाणेदार दिसतो, गरम असताना ओलसर सांज्यासारखा. चव जवळजवळ नाहीच. तो खायचा भाजी, चटणी आणि कसावाच्याच पाल्याच्या तोंडीलावण्याबरोबर. थोडा वाढून घ्या. दिसतो त्यापेक्षा तो फार पोटभरीचा असतो. गावकरी सांगतात की सकाळी खाल्ला की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, आणि दुपारचं दुसरं जेवण ठरवून ठेवलं असेल तर ते रद्द करावं लागेल.

एक धोक्याची सूचना, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. इथे लावतात त्या जातींमध्ये सत्त्व भरपूर असतं पण कंद कडू असतो, आणि कडू कसावात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. किसणं, धुणं, पिळणं, वाळवणं आणि शिजवणं यांमुळे ती निघून जातात. कच्चा कंद किंवा कच्चा पाला तोंडात घालू नका, चवीपुरताही नाही.

ती वेगळी ठेवलेली आतली साल? ती भिजवून, उकळून, मसाला लावून तळतात, आणि सुकटीच्या मांसाच्या धाटणीचा ‘देंदेंग’ होतो. कोणी सांगितलं नाही तर साल आहे हे ओळखू येत नाही. पानांची भाजी, काड्यांची पुढची लागवड, उरलेल्या सालींचा जनावरांना चारा. या कंदातलं जवळजवळ काही वाया जात नाही, आणि हे एकेकाळच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी घडतंय, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवा.

शाकाहारी असाल तर

रासी पूर्ण शाकाहारी. अडचण बाकीच्या ताटाची. सुंदानी जेवणात खारवलेली मासळी आणि कोंबडी सहज येते, आणि खरी फसगत ‘तेरासी’ची. म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. तो सांबाल या चटणीत घालतात आणि दिसत नाही. ‘सायूर’ म्हणजे भाजी, पण भाजीतही कोंबडीचं पाणी असू शकतं. नुसतं ‘वेजेतारियान’ म्हटल्याने मासळी थांबेलच असं नाही. त्यापेक्षा एकेक नाव घ्या: ‘साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेलुर.’ म्हणजे मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडं खात नाही. आणि चटणीसाठी ‘तान्पा तेरासी’. आंबवलेल्या सोयाबीनचं तेम्पे, तोफू, ताज्या कच्च्या पानांचं ‘लालाप’, शेंगदाण्याच्या वाटणातलं ‘कारेदोक’ यांवर पोट भरतं. कारेदोकच्या वाटणातही तेरासी असते, तेव्हा करण्याआधी सांगा. कंदमूळ न खाणाऱ्या जैन मंडळींसाठी मात्र हे गाव नाही.

टेकडी, अनवाणी

गावकऱ्यांनी जंगलाचे तीन भाग केलेत. ‘लेउवेउंग लारांगान’ हे निषिद्ध जंगल, तिथलं झाड तोडायचं नाही, कारण गावाचं पाणी तिथून येतं. ‘लेउवेउंग तुतुपान’ राखीव, गरजेला झाड तोडता येतं पण त्या जागी नवं लावायचं. ‘लेउवेउंग बालादाहान’ शेतीचं, तिथे कसावा, मका, भुईमूग, भाजीपाला.

वर ‘पुंचाक सालाम’ नावाचा माथा आहे. तिथून बांडुंगचं खोरं दिसतं, म्हणून हौशी लोक सूर्योदयाला जातात. ठरलेल्या जागेपासून पुढे चपला-बूट काढून अनवाणी जावं लागतं. भूमीबद्दलचा आदर हे कारण, आणि त्यात सूट नाही. मागच्या खिशात मोजे ठेवून ‘थोडंसं चालेल ना?’ असं विचारू नका. पायवाट चिखलाची आणि मुळांची आहे, चढ काही ठिकाणी अंगावर येणारा. अनवाणी चालायची सवय मोडलेल्यांनी सावकाश जावं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असलेल्यांनी हा भाग सरळ सोडावा, खाली बसून चहा घ्यावा. गावातला माणूस बरोबर घ्या, अंधारात एकटे निघू नका, आणि त्या दिवशी आणखी काही पथ्य आहे का ते विचारा. प्लास्टिकची बाटली नेली तर परत आणा. या गावात तर नक्कीच आणा.

२१ फेब्रुवारी

याच परिसरात लेउविगाजाची कचराभूमी होती. बांडुंग आणि चिमाहीचा कचरा वर्षानुवर्षं इथल्या दरीत उघड्यावर ओतला जात होता. २१ फेब्रुवारी २००५ च्या रात्री दोनच्या सुमाराला, सलग पावसाने भिजलेला आणि आतून धुमसणारा तो डोंगर सरकला. सुमारे २७ लाख घनमीटर कचरा खाली आला आणि चिलिमुस आणि पोजोक या वस्त्यांमधली झोपलेली घरं गाडली गेली. १४० हून अधिक माणसं मेली. इंडोनेशियाने पुढे हाच दिवस कचऱ्याविषयीच्या जागृतीचा राष्ट्रीय दिवस ठरवला. दरवर्षी त्या दिवशी बांडुंगचे कार्यकर्ते आणि गावकरी इथे जमतात, फुलं वाहतात.

कचराभूमी बंद झाली. शहराचा कचरा सारिमुक्ती नावाच्या दुसऱ्या डोंगरात जाऊ लागला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. मुंबईच्या देवनारची आग आणि पुण्याच्या उरुळी देवाचीचं आंदोलन ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं काही परकं वाटणार नाही. शहराची घाण वेशीवरच्या खेड्याने सोसायची, हा करार त्या खेड्याला विचारून कोणी करत नाही.

ती जागा पाहायची असेल तर गावातल्या माणसाबरोबरच जा. काही कुटुंबांचं जवळचं माणूस त्यात गेलंय. आपणहून विषय काढू नका, त्यांनी काढला तर ऐका. तिथे उभं राहून स्वतःचा हसरा फोटो घेऊ नये, हे सांगायची खरं तर गरज पडू नये.

श्रद्धेबद्दल बोलताना

परंपरेची कुटुंबं ‘सुंदा विवितान’ ही सुंदानी लोकांची जुनी श्रद्धा मानतात. इंडोनेशियात सरकारमान्य धर्म सहा, आणि हा त्यांत नाही. कित्येक वर्षं या लोकांच्या ओळखपत्रावर धर्माचा रकाना कोरा राहायचा, आणि त्यापायी लग्ननोंदणीपासून मुलांच्या दाखल्यांपर्यंत खेपा घालाव्या लागायच्या. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला की पारंपरिक श्रद्धाही त्या रकान्यात लिहिता आली पाहिजे. विषय अजून नाजूक आहे. ‘म्हणजे तुम्ही मूळचे हिंदूच ना?’ हा आपल्या लोकांचा आवडता प्रश्न घरी ठेवून जा. त्यांना तो शेकडो वेळा विचारला गेलाय, आणि उत्तर ‘नाही’ असंच आहे. चिरेउंदेउच्या परंपरेचा धागा कुनिंगानजवळच्या चिगुगुर गावाशी आणि तिथल्या माद्राइस या धर्मपुरुषाशी जोडलेला आहे. त्यावर विचारलंत तर गप्पा रंगतात.

घेऊन काय यायचं

गावात रासीची पाकिटं, कसावाच्या पिठाच्या खुसखुशीत नळ्या, चीजच्या काड्या, पापडासारखा ‘ओपाक’ आणि सालीचा देंदेंग विकायला असतो. बहुतेक माल घरच्या बायकांच्या गटांनी केलेला. पैसे त्यांच्याच हातात पडतात, म्हणून स्टेशनवरच्या दुकानापेक्षा इथेच घ्या. बंद, छापील लेबल असलेली पाकिटंच निवडा. मुंबई विमानतळावर कोणी विचारलं तर पाकीट दाखवता येतं. ताजा कंद किंवा लागवडीची काडी मात्र बॅगेत टाकू नका. परवानगीशिवाय रोपं आणि बेणं आणणं भारतात बेकायदा आहे, आणि कसावाचे रोग काडीबरोबरच पसरतात.

घरी रासी करताना वाटीभर पिठाला एकदम पाणी ओतू नका. शिंपडत जा, मुठीत दाबल्यावर जेमतेम आकार धरून लगेच सुटेल इतपत ओलावा आला की थांबा. ओलं फडकं घातलेल्या चाळणीत वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. गरम असतानाच वाढा, गार झाला की घट्ट होतो. शेंगदाण्याच्या आमटीबरोबर छान लागतो.